सोनकी आणि तिचे गोत्र

विद्यार्थिमित्रांनो, मार्गशीर्ष-पौषाच्या उन्हात हवेवर तरंगत येणारी 'म्हातारी' तुमच्यापैकी कोणी पकडली नसेल असे मला वाटत नाही. पांढऱ्याशुभ्र, रेशमासारख्या केसांचा झुबका, त्याच्या तळाशी एक बारीक दाणा, आणि फुंकर मारली की पुन्हा उड्डाण. या केसाळ बीजाला म्हातारी हे नाव कोणी दिले ते सांगता येणार नाही. परंतु इकडून हजारो कोस दूर, रोमन लोकांच्या लॅटिन भाषेतही कोणाला तरी हीच कल्पना सुचली होती. त्यांच्याकडील एका रानफुलाचे पिवळे डोके फुलून गेले, की त्यावर पांढरे केस दिसू लागत. त्यावरून त्यांनी त्या झाडाला 'सेनेसिओ', म्हणजे 'म्हातारबुवा', असे नाव ठेवले. पुढे लिनीअस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली आपल्या ग्रंथात हेच नाव एका संपूर्ण प्रजातीस दिले. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर भाद्रपद-आश्विनात जी सोनकी फुलते ती याच म्हातारबुवांच्या गोत्रातील होय.

हा लेख लिहिण्यास निमित्त झाले ते आमच्या सहलीचे. गेल्या सप्टेंबरात नववीच्या वर्गाला घेऊन आम्ही साताऱ्याजवळील कासच्या पठारावर गेलो होतो. धुके उतरले होते, आणि जांभ्या दगडाच्या त्या सपाटीवर जिकडे पाहावे तिकडे पिवळा रंग. मुलांची लगेच दोन मते झाली. एका गटाने सगळ्याच पिवळ्या फुलांना सोनकी ठरविले. वस्तुतः त्यांतील पुष्कळशी कवल्याची फुले होती. हल्ली लोक ज्यांना 'मिकी माउस' म्हणतात ती हीच, आणि त्यांचे कूळ वालपापडीचे. सोनकीची जागा थोडी पुढे, उताराच्या बाजूला होती. तेथे एका मुलीने मला विचारले, "बाई, हिला पाकळ्या किती?" मी वाकून मोजल्या आणि आकडा सांगितला. दुसरीने शेजारचे फूल मोजले. तिचा आकडा निराळा आला. तिसऱ्याचा आणखी निराळा. मी कलाशाखेची पदवीधर; शाळेत निसर्गाभ्यासाचा तास माझ्याकडे आला तो केवळ हौसेमुळे. त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुस्तके उघडली तेव्हा कळले की चूक मोजणीत नव्हती, प्रश्नातच होती. सोनकीला पाकळ्या नसतात. आणि आपण जिला तिचे 'एक फूल' म्हणतो ते एक फूल नसतेच.

हे कसे, ते पाहण्यासाठी कासला जावयास नको. तेथे फूल तोडण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. आपल्या शाळेच्या आवाराच्या कडेला, पायवाटेवर, भिंतीच्या फटीत बाराही महिने एक झाड असते. लांब दांडा आणि त्याच्या टोकाला एकच फिक्कट पिवळे-पांढरे फूल. त्याला आपण एकदांडी म्हणतो. सोनकी आणि एकदांडी दोन्ही सूर्यफुलाच्या कुलातील. एक एकदांडी खुडा, ब्लेडने उभी चिरा आणि भिंगाखाली धरा. बाहेरच्या कडेने जी चार-सहा 'पाकळ्यां'सारखी पाने दिसतात, त्यांतील एक हलकेच उपसून काढा. तिच्या तळाशी एक नळी दिसेल, नळीतून दोन शिंगांसारखी किंजल्के बाहेर आलेली दिसतील आणि खाली इवलासा किंजपुट असेल. म्हणजे पाकळी म्हणून जी उपसली ते एक अख्खे स्त्री-फूल निघाले! आता मधल्या पिवळ्या गोलातील एक ठिपका सुईने काढा. तेही एक पूर्ण फूल आहे. त्याचा पाच दात्यांचा नळीसारखा पुष्पमुकुट आहे, आत पाच केसरदले आहेत आणि त्यांच्या मधून किंजल वर येतो. कडेच्या फुलांना किरणपुष्पके म्हणतात आणि मधल्यांना बिंबपुष्पके. या दाटीवाटीने बसलेल्या फुलांच्या समूहास 'स्तबक' असे शास्त्रीय नाव आहे. गावातील माणसे जत्रेत जशी एका मांडवाखाली बसतात तशी ही फुले एका बैठकीवर बसतात, आणि मधमाशीला तो सारा मेळा एकच मोठे फूल वाटतो. किरणपुष्पकांचे काम बोलावण्याचे, बी धरण्याचे काम दोघांचे.

केसरदलांची एक गंमत येथेच पाहून घ्या. इतर फुलांत परागकोश सुटे असतात. या कुलात पाचही परागकोश एकमेकांना चिकटून त्यांची बारीक नळी झालेली असते, आणि पराग नळीच्या आत सांडतात. मग खालून किंजल वाढू लागतो आणि पिचकारीतील दट्ट्याप्रमाणे पराग वर ढकलून बाहेर काढतो. पराग कीटकांनी नेल्यानंतरच किंजलाची दोन टोके उलगडतात व दुसऱ्या फुलाचे पराग घेण्यास सिद्ध होतात. जुळलेल्या परागकोशांची ही खूण लिनीअसला इतकी महत्त्वाची वाटली की त्याने तेवढ्यावरून एक स्वतंत्र वर्गच पाडला होता. त्याची वर्गवारी आज कोणी वापरीत नाही. तथापि या कुलाच्या बाबतीत त्याची नजर चुकली नव्हती. चोवीस हजारांहून अधिक जाती असलेले हे कूळ सपुष्प वनस्पतींतील सर्वांत मोठ्या कुलांपैकी एक आहे. झेंडू, शेवंती, सूर्यफूल, करडई, माका ही सगळी त्याचीच मंडळी.

आता सोनकीची प्रजाती तिच्या असंख्य भावंडांतून ओळखावयाची कशी? (येथे एक शब्द नीट ध्यानात ठेवा: 'प्रजाती' म्हणजे मोठा गट आणि 'जाती' म्हणजे त्यातील एक घर. बोलताना आपण पुष्कळदा घोटाळा करतो.) रंगावरून ओळख पटत नाही, कारण पिवळी फुले या कुलात शेकड्यांनी आहेत. 'पाकळ्यां'वरून तर मुळीच नाही. खुद्द लिनीअसने ज्या युरोपीय तणाला 'सेनेसिओ व्हल्गॅरिस' म्हटले त्यास बहुधा किरणपुष्पके नसतातच. नुसता पिवळा गोंडा. खरी खूण फुलाच्या मागल्या बाजूस आहे. स्तबक उलटे करून पाहा. त्याच्या खाली हिरव्या छदांचा पेला असतो. एकदांडीत हे छद दोन-तीन ओळींत, एकावर एक चढलेले असतात. सेनेसिओत मात्र ते सारख्या उंचीचे आणि एकाच ओळीत, कुंपणाच्या फळ्यांप्रमाणे कडेला कड लावून उभे असतात. त्यांच्या पायथ्याशी चार-दोन बारकी छदके असतात तेवढीच. दुसरी खूण बैठकीवर. एकदांडीत प्रत्येक बिंबपुष्पकाशेजारी एक पातळ पापुद्रा असतो. सेनेसिओची बैठक उघडी. तिसरी खूण किंजलाच्या टोकाशी: दोन्ही फांट्यांची टोके जणू कात्रीने सरळ कापलेली, आणि वर केसांची बारीक झालर. चौथी खूण म्हणजे ती म्हातारी.

तिच्याविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण परीक्षेत येथे हमखास चूक होते. रुईच्या बोंडातून जी म्हातारी उडते ती आणि सोनकीची म्हातारी दिसावयास सारखी, पण जन्माने अगदी निराळी. रुईचे केस बीजाला आलेले असतात. बोंड फुटते आणि बीज उडते. सोनकीत जो दाणा उडतो ते बीज नव्हे, ते एका फुलाचे अख्खे फळ असते, आणि बीज त्याच्या आत बंद असते. त्यावरील केस म्हणजे फुलाचा संवर्त. इतर फुलांत जी हिरवी निदले कळीला झाकतात, त्यांच्याच जागी या कुलात केस येतात. कळीचे रक्षण छदांच्या पेल्याने आधीच केलेले; तेव्हा संवर्ताला दुसरे काम मिळाले. एकदांडीच्या फळावरील केस राठ आणि पिसासारखे फांट्यांचे असतात. सेनेसिओचे साधे, मऊ आणि पांढरे. एकच म्हातारी म्हणून आपण ज्यांना हाक मारतो त्या अशा तीन घरच्या निघतात.

सह्याद्रीत या प्रजातीच्या अनेक जाती आहेत. आपण सामान्यतः जिला सोनकी म्हणतो तिचे आजचे शास्त्रीय नाव 'सेनेसिओ बाँबेएन्सिस'. परंतु आमच्या जुन्या पुस्तकात ते 'सेनेसिओ ग्रॅहॅमी' असे छापलेले आहे आणि त्यावरून वर्गात बराच वाद झाला. हकीकत अशी आहे. जॉन ग्रॅहॅम हे मुंबईस टपालखात्यात मोठे अधिकारी होते. मुंबई व तिच्या परिसरातील वनस्पतींची त्यांनी केलेली यादी १८३९ साली प्रसिद्ध झाली. ग्रंथ छापून पुरा होण्याआधीच ते निवर्तले. पुढे जोसेफ हुकर यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतिग्रंथात सोनकीला ग्रॅहॅम यांचे नाव दिले. परंतु वनस्पतींच्या नामकरणाचा एक कडक कायदा आहे: एका प्रजातीत एकच नाव दोन झाडांना देता येत नाही, ज्याला ते आधी मिळाले त्याचेच ते राहते. सेनेसिओ ग्रॅहॅमी हे नाव त्यापूर्वीच दुसऱ्या एका वनस्पतीस दिले गेले होते. ही गोष्ट ध्यानात आल्यावर एन. पी. बालकृष्णन यांनी १९७० साली आपल्या सोनकीला 'मुंबईची' या अर्थाचे नवे नाव दिले. ग्रॅहॅमसाहेबांबद्दल मला थोडे वाईट वाटते, पण कायदा तो कायदा.

तिच्या बहिणींपैकी एकीच्या नावात डॅल्झेल यांची आठवण आहे. गिब्सन यांच्यासह १८६१ साली 'बाँबे फ्लोरा' लिहिणारे ते हेच. दुसरीचे नाव वाचून आमच्या वर्गातील बेळगावकडची मुले उभी राहिली: 'सेनेसिओ बेळगावमेन्सिस'! रॉबर्ट वाइट यांनी ही जाती प्रथम निराळ्या प्रजातीत घातली होती. क्लार्क यांनी १८७६ मध्ये ती सेनेसिओत आणली, परंतु गावाचे नाव तिच्याबरोबर आले. यावर एका विद्यार्थ्याने फार चांगली शंका विचारली. मुंबईचे इंग्रजी नाव १९९५ साली बदलले आणि बेळगावचे अधिकृत नाव २०१४ साली बेळगावी झाले. मग झाडांची नावे का बदलली नाहीत? कारण असे की शास्त्रीय नाव हे एकदा नियमाने ठेवले की त्यातील गावाचे पुढे काय झाले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. सरकारे बदलोत, नकाशे बदलोत. त्या रानफुलाच्या कपाळी बेळगाव कायमचे लिहिले गेले आहे.

मात्र याचा अर्थ नावे कधीच बदलत नाहीत असा नव्हे. गोत्रच चुकीचे ठरले तर नाव बदलावे लागते, आणि सेनेसिओच्या बाबतीत हे वारंवार घडले. ही प्रजाती म्हणजे घरातील अडगळीची खोली झाली होती. एका ओळीत छद आणि पांढरे मऊ केस दिसले, की टाक सेनेसिओत! अशा रीतीने एके काळी तीत सुमारे तीन हजार जाती जमल्या. आफ्रिकेत किलिमांजारो पर्वतावर रात्री गोठविणारी थंडी आणि दिवसा प्रखर ऊन असते. तेथे वीस-पंचवीस फूट उंचीचे, जाड खोडाचे वृक्ष उभे असतात. वाळलेली पाने ते गाळीत नाहीत, घोंगडीसारखी खोडाभोवती लपेटून ठेवतात, आणि रात्री वरची पाने मिटून कोंब झाकतात. त्या वृक्षांना आणि आपल्या गुडघाभर सोनकीला एकच प्रजातिनाम होते! १९७८ मध्ये त्यांची 'डेंड्रोसेनेसिओ' ही वेगळी प्रजाती झाली. मोत्यांच्या माळेसारखी लोंबणारी जी वेल हल्ली शहरांतील गॅलऱ्यांत टांगलेली दिसते, तीही पूर्वी सेनेसिओच होती. आता ती 'क्युरिओ' होय. २००७ साली पेल्सर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकद्रव्याची तुलना करून या साऱ्या गोताची नव्याने मांडणी केली, तेव्हा युरोपातील प्रसिद्ध 'रॅगवर्ट' हे झाडही बाहेर गेले आणि त्याला 'जॅकोबिया' हे अठराव्या शतकातील जुने नाव परत मिळाले. गुरांनी खाल्ले असता यकृत बिघडविणारे विष त्याच्या अंगात असते. तशी द्रव्ये या गोतात पुष्कळ ठिकाणी आढळतात. म्हणून सोनकी पाहावी, चाखू नये. इतके विभक्त होऊनही सेनेसिओत अद्याप हजाराहून अधिक जाती आहेत.

या प्रजातीची जी कथा मला सर्वांत अद्भुत वाटते ती आपल्याकडील नाही, इंग्लंडातील आहे. सिसिली बेटावरील एटना या ज्वालामुखीच्या उतारावर सेनेसिओच्या दोन जाती वाढतात, एक उंचावर व दुसरी पायथ्याशी. त्यांच्या संकरातून झालेले एक झाड सुमारे तीनशे वर्षांपूर्वी ऑक्सफर्डच्या वनस्पतिउद्यानात वाढू लागले. लवकरच ते बागेबाहेर निसटले, आणि १७९४ पर्यंत गावातील भिंतीभिंतींवर दिसू लागले. १८४४ मध्ये ऑक्सफर्डला आगगाडी आली. रुळांखाली पसरलेली खडी आणि कोळशाची जळकी खर हा त्या ज्वालामुखीवासी झाडाला जणू माहेरच वाटला. गाडीच्या वाऱ्याबरोबर म्हाताऱ्या उडू लागल्या. ड्रूस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये नमूद करून ठेवले आहे, की ऑक्सफर्डजवळ खिडकीतून डब्यात आलेल्या म्हाताऱ्या टाइलहर्स्ट स्थानकापर्यंत डब्यातच तरंगत राहून तेथे बाहेर पडलेल्या त्याने पाहिल्या. बिनतिकिटाचा असा प्रवास करीत 'सेनेसिओ स्क्वॅलिडस' देशभर गेले.

वाटेत त्याची गाठ त्या बिनपाकळीच्या व्हल्गॅरिस तणाशी पडली. आता हा हिशेब पाटीवर मांडा. व्हल्गॅरिसच्या पेशीत ४० गुणसूत्रे, स्क्वॅलिडसच्या पेशीत २०. संकर होताना दोघांकडून निम्मी यावयाची, म्हणजे २० आणि १०, संततीस ३०. ही ३० गुणसूत्रे जोड्या लावू शकत नाहीत, म्हणून ते झाड वांझ. परंतु क्वचित एखाद्या वेळी गुणसूत्रे आपोआप दुप्पट होतात. ३० ची ६० झाली, की प्रत्येकाला जोडीदार मिळाला, झाड फलद्रूप झाले, आणि आईशीही त्याचा मेळ बसेना, बापाशीही बसेना. ती एक नवी जातीच झाली. १९४८ मध्ये वेल्स प्रांतात ती सापडली. 'सेनेसिओ कँब्रेन्सिस' हे तिचे नाव. जाती निर्माण होण्यास लाखो वर्षे लागतात असे आपण शिकतो. आणि ही तर आपल्या आजोबांच्या हयातीत जन्मली.

त्याच दोन झाडांच्या वंशात आणखी एक जाती यॉर्क शहरात, रेल्वे स्थानकाजवळ मोटारी ठेवण्याच्या जागेत, १९७९ साली रिचर्ड ॲबट यांना आढळली. तिची गुणसूत्रे ४०. २००३ मध्ये तिला 'सेनेसिओ इबोरॅसेन्सिस' हे नाव मिळाले, यॉर्कच्या प्राचीन लॅटिन नावावरून. परंतु ती वाढत होती रस्त्याच्या कडेला, फरशीच्या फटीत. आणि शहर स्वच्छ ठेवणाऱ्यांच्या लेखी ती तणच होती. तणनाशकाची फवारणी होत राहिली व काही वर्षांतच ती रानातून नाहीशी झाली. साऱ्या जगात फक्त एका शहरात असलेली जाती! सुदैवाने तिचे थोडे बी जपून ठेवलेले होते. क्यू संस्थेच्या बीजपेढीतून ते काढून वाढविले गेले, २०२३ मध्ये यॉर्कमध्ये पुन्हा लावले, आणि पुढल्या वसंतात तेथे तिची फुले पुन्हा उमलली.

कासच्या पठारावर मला हे ठाऊक असते तर मुलांना आणखी एक गोष्ट दाखविता आली असती. आमचा अर्धा वर्ग छायाचित्रासाठी सोनकीच्या ताटव्यात शिरला होता. तेथील रखवालदाराने शिट्टी वाजवून सर्वांना बाहेर काढले, आणि मुले हिरमुसली. मीही मनातून रखवालदारावर रागावले होते. सोनकी एका वर्षाचे आयुष्य घेऊन येते. पावसात रुजावयाचे, पठारावरील बोटभर माती वाळण्याच्या आत फुलावयाचे, म्हाताऱ्या सोडावयाच्या आणि संपावयाचे. जे झाड फुलात असताना पायाखाली गेले, त्याच्याकडून पुढल्या पावसाळ्यासाठी त्या जागी काहीही उरत नाही. कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत, पश्चिम घाटाच्या स्थळांत आहे, म्हणून तेथे शिट्टी वाजविणारा कोणी तरी असतो. जांभ्याची इतर कितीतरी पठारे अशी आहेत की तेथे कोणीच नसते.

पाकळ्या मोजणाऱ्या त्या मुलीला मी उत्तर दिले ते असे: तू मोजलीस ती फुले होती, आणि एकेका मेळ्यात ती कमी-अधिक असणारच. तिने वहीत 'पाकळ्या' हा शब्द खोडून 'किरणपुष्पके' असे लिहिले व खाली आपण मोजलेले सर्व आकडे तसेच राहू दिले. दिवाळीच्या सुट्टीत ज्यांना बेळगाव, खानापूर, आंबोली किंवा महाबळेश्वर या बाजूस आजोळी जावयाचे असेल त्यांनी पिवळी रानफुले दिसली तर ती न तोडता स्तबकाची मागली बाजू पाहावी, छदांच्या ओळी मोजाव्यात, पानांचे चित्र काढावे आणि तारीख व जागा लिहून आणावी. ती चित्रे वर्गातील फळ्याशेजारी लावण्यासाठी जागा मोकळी ठेविली आहे.